लाटलेल्या डंपलिंग्जचं चिकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात राहते. इथे थंडी पडली की घरोघरी एक मोठं पातेलं चढतं: कोंबडी, पाणी, मिरपूड आणि वरून सोडलेल्या लाटलेल्या पिठाच्या पट्ट्या. मला हे शेजारच्या आजींनी शिकवलं. त्यांच्याकडे मापं नव्हती, 'हाताला कळेल तोवर' एवढंच होतं. मापं मी नंतर वजनकाट्यावर बसवली. गेल्या थंडीत ओळखीच्या मराठी घरांत डबे पोहोचवले, तेव्हापासून तेच तेच प्रश्न फोनवर येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

डंपलिंग म्हणजे मोमो ना?

नाही. आत सारण नसतं आणि ती वाफवायचीही नसतात. ही नुसत्या पिठाची पट्टी, रश्शातच शिजलेली. मोमोची आशा धरून बसलात तर पहिल्या घासाला हिरमोड होईल, म्हणून आधीच सांगितलं.

मग ही आपली वरणफळंच की!

ओळखलंत. चकोल्या, वरणफळं, डाळफळं, तुमच्याकडे जे नाव असेल ते, युक्ती तीच. कच्चं लाटलेलं पीठ उकळत्या पातळ पदार्थात सोडायचं, त्याने स्वतः शिजायचं आणि शिजता शिजता पातेल्यातलं पाणी दाट करायचं. ज्या घरात चकोल्या होतात तिथल्या बाईला हा पदार्थ अर्धा आधीच येतो, असं माझं मत आहे.

फरक दोन. वरण मुळातच दाट असतं, त्यामुळे फळांवर दाटपणाची जबाबदारी फारशी नसते. इथे रस्सा पाण्यासारखा असतो, त्याला अंग येतं ते फक्त पट्ट्यांच्या पिठामुळे. दुसरं म्हणजे चकोल्यांच्या कणकेत आपण हळद, तिखट, ओवा घालतो. इथल्या पिठात मीठ आणि मोहन, बाकी काही नाही.

इथले लोक गोल फुगीर गोळे टाकतात ना? मी हॉटेलात तसे पाहिले.

दोन घराणी आहेत, आणि त्यांचं आपापसात पटत नाही. एका घराण्यात बेकिंग पावडर घातलेलं सैल पीठ चमच्याने रश्शावर सोडतात. ते फुगतं, वरून पावासारखं मऊ होतं. दुसऱ्या घराण्यात पीठ घट्ट मळून, लाटून, पट्ट्या कापतात. या पट्ट्या फुगत नाहीत. बाहेरून बुळबुळीत, आतून दाताला जरा लागणाऱ्या. हे पान फक्त या दुसऱ्या घराण्याचं.

लाटलेल्या प्रकाराला गावोगावी वेगळं नाव आहे. डेलावेअरमध्ये ते 'स्लिपरी डंपलिंग्ज', म्हणजे निसरडी डंपलिंग्ज. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांकडे 'बॉट बॉय', म्हणजे पॉट पाय ('पाय' हा पिठाच्या कवचात भाजलेला पदार्थ). नाव पायचं असलं तरी वर कवच वगैरे काही नाही. ते लोक चौकोनी तुकडे करतात, बटाटा घालतात आणि बऱ्याचदा केशरसुद्धा. लँकेस्टर परगण्यात त्यांनी स्वतः केशर पिकवलं आहे. कोंबडीच्या रश्शात केशर म्हटल्यावर मला बिर्याणी आठवली, त्यांना आजीचं घर आठवतं. आणि आमच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात यालाच 'चिकन पेस्ट्री' म्हणतात. चर्चच्या जेवणाच्या फळ्यावर मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बेकरीतला पॅटिस मिळेल म्हणून ताट घेऊन उभी राहिले होते.

साहित्य किती घेऊ?

सहा माणसांसाठी: दीड किलोची एक कोंबडी, कातडीसकट, चार-सहा मोठे तुकडे करून. अडीच लिटर पाणी. एक कांदा, सेलरीचे दोन दांडे, दोन चहाचे चमचे मीठ, दहा-बारा मिरे, एक बे लीफ (याबद्दल खाली बोलू). पट्ट्यांसाठी ३०० ग्रॅम मैदा, पाऊण चहाचा चमचा मीठ, ५० ग्रॅम लोणी किंवा कोंबडीची चरबी, साधारण १४० ते १५० मिली गरम रस्सा. शेवटी घालायला ताजी भरड मिरपूड, तुम्हाला बरोबर वाटते त्याच्या दुप्पट.

कातडी काढली तर नाही का चालणार?

खायची नसेल तर शिजल्यावर काढा. शिजताना राहू द्या. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी सोलून देतो, आणि या पदार्थाचा निम्मा जीव तिथेच जातो. वर येणारं पिवळं तवंग पळीने काढून वाटीत ठेवायचं आणि पिठाला मोहन म्हणून तेच घालायचं. ही त्या आजींची खरी गोम. लोणी घालून केलेल्या पट्ट्या चांगल्या होतात, कोंबडीच्या चरबीवर केलेल्या मात्र कोंबडीच्याच लागतात.

कोंबडी कोणती? गावरान की बॉयलर?

हा पदार्थ जन्माला आला तो म्हाताऱ्या कोंबडीसाठी. शेतावरच्या घरात कोंबडी अंड्यांसाठी पाळलेली असे. ती अंडी द्यायची थांबली की तिची पाळी. असं मांस भाजलं तर चामडं होतं, पण दोन-तीन तास मंद आचेवर ठेवलं की हाडा-सांध्यांतलं चिकट द्रव्य पाण्यात उतरतं आणि रस्सा गार झाल्यावर खिमटासारखा थिजतो. त्या रश्शात पीठ सोडून एका कोंबडीत दहा माणसं जेवत.

आज दुकानात मिळते ती सहा-सात आठवड्यांची बॉयलर. खरं तर 'ब्रॉयलर', पण आपल्याकडे मटणवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे बॉयलरच म्हणतात. तिचाही उगम याच डंपलिंगच्या मुलखात आहे: १९२३ साली डेलावेअरच्या सेसिल स्टील यांनी अंड्यांच्या कोंबड्यांसाठी ५० पिल्लं मागवली, चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न पाठवता मांसासाठी वाढवून विकली, आणि त्या पट्ट्यात कोंबडी वाढवण्याचा मोठा धंदा उभा राहिला.

तर सल्ला असा. महाराष्ट्रात असाल तर गावरान घ्या, किंवा अंडी देऊन थकलेली लेयर मिळाली तर तीच. ती स्वस्तही असते आणि या कामाला सर्वांत योग्य. तिला दोन ते अडीच तास लागतील. बॉयलर असेल तर छातीचे तुकडे अर्ध्या तासात बाहेर काढा, नाहीतर भुसा होतो. तंगड्या पाऊण तास राहू द्या. मग मांस सोडवून बाजूला ठेवा आणि हाडं परत पातेल्यात टाकून आणखी पाऊण तास उकळा. बॉयलरच्या रश्शाला अंग येण्याचा दुसरा रस्ता मला सापडलेला नाही. थर्मामीटर असेल तर मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत.

बे लीफ म्हणजे आपलं तमालपत्रच ना?

तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं. पानावर लांब तीन शिरा, वास दालचिनीचा. इथलं 'बे लीफ' वेगळ्या झाडाचं, मधोमध एकच शीर, वास औषधी. तमालपत्र घातलंत तर पातेल्याला पुलावाचा वास येईल. वाईट नाही लागत, पण त्यापेक्षा काहीच घालू नका.

आलं-लसूण नाही, हळद नाही, गरम मसाला नाही. हे फिकं नाही लागत?

पहिल्या दिवशी लागेल. मलाही लागलं होतं. मी आजींच्या समोरच पर्समधून तिखट काढलं होतं, त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

मग कळलं की फिकं लागायची कारणं वेगळी असतात. एक तर मीठ कमी. दोन लिटर रस्सा आणि वर बिनचवीचं पीठ, याला मीठ आपल्या अंदाजापेक्षा जास्त लागतं. पीठ शिजल्यावर पुन्हा चाखा, कारण पट्ट्या मीठ ओढून घेतात. दुसरं, पाणी जास्त. कोंबडी जेमतेम बुडेल एवढंच घ्या. हाडं काढल्यावर रस्सा दोन लिटरच्या आसपास असावा. जास्त असेल तर उघड्यावर आटवा. तिसरं, मिरपूड जुनी. डब्यातली करडी पूड घालू नका, खलबत्त्यात ताजे मिरे भरडा. या पदार्थातला तिखटपणा सगळा तिथून येतो.

हे तिन्ही नीट करून एकदा करा, तसंच खा. त्यानंतर तुमचं पातेलं, तुमचा मसाला.

पीठ कोणतं? घरात कणीक आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत मऊ गहू पिकतो, हिवाळी पेरणीचा, कमी प्रथिनांचा. त्याच्या पिठात प्रथिनं आठ-नऊ टक्के. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला १८८३ साली सुरू झालेली 'व्हाइट लिली' गिरणी याच पिठासाठी प्रसिद्ध. ती मूळ गिरणी २००८ मध्ये बंद झाली, पीठ आता दुसरीकडे दळलं जातं, आणि म्हाताऱ्या बायका अजून म्हणतात की पहिलं पीठ राहिलं नाही. उत्तरेकडच्या कडक गव्हाचं पीठ जास्त चिवट. दक्षिणेची बिस्किटं (आपली कुरकुरीत नव्हे, मऊ पावासारखी) नि डंपलिंग्ज मऊ का होतात, याचं निम्मं उत्तर हे शेतातलं आहे.

आपल्यासाठी मैदा सर्वांत जवळचा. अमेरिकेत असाल तर साधं ऑल-पर्पज चालतं. सेल्फ-रायझिंग पिठाचं पाकीट उचललं असेल तर त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच असतं. पट्ट्या जरा फुगतील आणि वेगळं मीठ घालायचं नाही.

कणकेच्याही होतात, पण मग त्या चकोल्या होतात. चक्कीच्या जात्यात पिठातला स्टार्च बराच भरडला जातो, म्हणून कणीक पाणी जास्त ओढते, आणि कोंड्यामुळे रस्सा गढूळ दिसतो. पाव हिस्सा कणीक, पाऊण हिस्सा मैदा हे प्रमाण मला आवडतं. आजींना आवडलं नाही.

मळायचं कसं? माझ्या पट्ट्या रबरासारख्या झाल्या.

मळलंत म्हणूनच झाल्या! आपला हात पोळीचा. कणीक दिसली की तिंबायची, हे आपल्या अंगात मुरलेलं. इथे ती सवय बाजूला ठेवायची.

मैद्यात मीठ घाला, मोहन बोटांनी चोळा, शंकरपाळ्यांना चोळतो तसं. मूठ वळली की पुरे. मग गरम रस्सा थोडा थोडा घालत चमच्याने एकत्र करा. उकळता नको, बोट बुडवता येणार नाही इतपत गरम. गरम पाण्याने पिठातला थोडा स्टार्च तिथेच फुलतो, उकडीत होतं तसं, आणि लाटताना पीठ मागे आकसत नाही. शेजारच्या आजी गार बटरमिल्क घालतात. ते आपल्या ताकापेक्षा बरंच दाट असतं; ताकाने करायचं तर अर्धं दही, अर्धं पाणी घुसळून घ्या. मला गरम रश्शाचीच पद्धत सोपी वाटते.

गोळा झाला की आठ-दहा वेळा दाबून थांबा. पुरीच्या पिठापेक्षा सैल, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. ओल्या फडक्याखाली अर्धा तास. ही विश्रांती चुकवू नका: चिवटपणा सैलावतो, पाणी सगळीकडे मुरतं, आणि लाटणं निम्म्या जोराने चालतं.

किती जाड लाटू?

तीन मिलिमीटर. पोळीपेक्षा जाड, थालीपीठापेक्षा पातळ. शिजल्यावर जवळजवळ दुप्पट होते, म्हणून 'एवढी पातळ कशी' असं वाटलं तर बरोबर आहे. पोळपाटावर मावणार नाही. ओटा पुसून त्यावरच लाटा किंवा गोळ्याचे तीन भाग करा. करंजीच्या कातणीने अडीच सेंटिमीटर रुंद, बोटभर लांब पट्ट्या कापा. कडा नागमोडी आल्या तर कोणी विचारणार नाही.

लाटताना मैदा सढळ हाताने भुरभुरा आणि झटकू नका. तो भुरभुरलेला मैदाच पुढे रस्सा दाट करतो. वेगळं कॉर्नफ्लोअर लावावं लागलं तर समजा की लाटताना हात आखडता घेतला.

पट्ट्या टाकल्या आणि सगळ्यांचा मिळून एक लगदा झाला. काय चुकलं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, तेव्हा जरा सविस्तर.

कच्ची पट्टी उकळत्या रश्शात पडली की तिच्या बाहेरच्या थरातला स्टार्च फुलून एक पातळ पापुद्रा धरतो. हे व्हायला साठ-पासष्ट अंशांच्या वर उष्णता लागते. पापुद्रा धरला की पट्टी सुटी राहते. सगळ्या पट्ट्या एकदम ओतल्या की रस्सा गार पडतो, पापुद्रा धरत नाही, कच्चं पीठ पाण्यात सुटतं आणि शेजारच्या पट्टीला चिकटतं. म्हणून आधण खळखळ येऊ द्या आणि एकेक सोडा. एका थराइतक्या झाल्या की थांबा, पुन्हा उकळी येऊ द्या, मग पुढच्या. ३०० ग्रॅमच्या पट्ट्या सोडायला मला सहा-सात मिनिटं लागतात. घाई असेल त्या दिवशी हा पदार्थ करू नये.

शेवटची पट्टी पडली की आच मंद. आता रस्सा रटरटला पाहिजे, खदखदायला नको. जोरात उकळलं तर पट्ट्या एकमेकींवर आपटून झिजतात. आणि चमचा अजिबात नको! पातेल्याचे कान धरून हलकेच गोल हलवा. आजी म्हणाल्या, 'ढवळायचा मोह झाला तर हात धुवायला जा.' बारा ते पंधरा मिनिटांनी एक काढून मोडून बघा. मध्ये पांढरी कच्ची रेघ दिसली तर अजून तीन मिनिटं.

एवढं करूनही पट्ट्या विरघळत असतील तर पीठ सैल होतं किंवा मोहन जास्त पडलं. मोहनाने खुसखुशीतपणा येतो, पण धरून ठेवणारी ताकद जाते. शंकरपाळ्यांत ते चालतं, पाण्यात नाही.

झाकण ठेवायचं का?

चमच्याने टाकायच्या फुगीर गोळ्यांना झाकण लागतं, कारण वरची बाजू वाफेवर शिजते. आपल्या पट्ट्या बुडतात. अर्धवट झाकण पुरे, पूर्ण लावलं तर उतू जाईल.

कुकरमध्ये होईल का? इन्स्टंट पॉट आहे.

कोंबडी आणि रस्सा जरूर करा. बॉयलरला दोन शिट्ट्या, गावरानला पाच-सहा. पट्ट्या मात्र दाबाखाली शिजवू नका. पिठाचा रस्सा फेसाळतो, तो फेस शिट्टीच्या किंवा झडपेच्या भोकात जाऊन अडकतो, आणि ते धोक्याचं आहे. शिवाय पट्ट्यांचा लगदा होतोच. वाफ पूर्ण गेल्यावर झाकण उघडा आणि पुढचं त्याच भांड्यात उघड्यावर करा. म्हणजे सगळं एकाच भांड्यात होतं.

गाजर, मटार, बटाटा?

खेड्यातल्या जुन्या पद्धतीत भाजी नसते. गाजर घातलंत तर दक्षिणेतला कट्टर माणूस त्याला 'सूप' म्हणेल आणि त्या शब्दात थोडा तिरस्कार असेल. मला गाजर आवडतं. पट्ट्यांच्या आधी दहा मिनिटं घाला.

दूध किंवा क्रीम घालतात का?

काही घरांत शेवटी अर्धी वाटी दूध घालतात. पीठ नीट दाटलं असेल तर गरज नाही. घालायचंच असेल तर आच बंद करून.

मांस परत कधी टाकायचं?

अगदी शेवटी. पट्ट्या शिजल्या की सोडवलेलं मांस टाका, मिरपूड घाला, आच बंद करा आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. या दहा मिनिटांत रस्सा डोळ्यांदेखत दाट होतो. आच बंद करताना तो जरा पातळच हवा, पिठल्यापेक्षा पातळ, कढीपेक्षा किंचित दाट.

हा १९२९ नंतरच्या महामंदीतला गरिबांचा पदार्थ ना?

मंदीत पुष्कळ घरं यावर जगली, म्हणून ती गोष्ट चिकटली. पदार्थ त्याआधीचा आहे. आणि त्या काळी कोंबडी रोजची नव्हती. रविवारी, पाहुणा आला तर. गरिबी पिठात होती, कोंबडीत नव्हती.

बाहेर चाखायचा असेल तर?

'क्रॅकर बॅरल' या हमरस्त्यांवरच्या उपाहारगृहांत लाटलेल्या प्रकारचाच मिळतो. १९६९ साली टेनेसीत लेबनन गावी त्यांचं पहिलं दुकान निघालं. त्याहून चांगला चर्चच्या किंवा अग्निशमन दलाच्या गावजेवणात मिळतो. तिथे बाहेरच्यांचंही स्वागत असतं, फक्त वेळेवर जा, पातेलं लवकर संपतं.

उरलं तर?

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी सुरीने कापता येईल इतकं घट्ट होतं, कारण पट्ट्या रस्सा पिऊन बसतात. एक वाटी रस्सा आधीच वेगळा काढून ठेवा आणि गरम करताना घाला. नसेल तर पाणी. शिळ्या चकोल्या आवडणाऱ्यांना हे शिळंच जास्त आवडेल.

फ्रीझरमध्ये ठेवायचं तर रस्सा-मांस वेगळं, कच्च्या पट्ट्या वेगळ्या. पट्ट्या ताटात सुट्या गोठवून मग पिशवीत भरा. गोठलेल्याच थेट आधणात सोडायच्या, वितळवल्या तर चिकटतात.

सासूबाई मांसाहार करत नाहीत. त्यांच्यासाठी?

वेगळं पातेलं, वेगळी पळी. वाळवलेले मशरूम भिजवून, कांदा आणि सेलरीबरोबर उकळून रस्सा करा, मोहन लोण्याचं. चांगलं लागतं. पण खरं सांगू? त्यांना वरणफळंच करा, वरून तूप सोडा. सगळे एकाच टेबलावर पट्ट्याच खाताहेत, हे त्यांच्याही लक्षात येईल.

याच्याबरोबर भात की पोळी?

दोन्ही नाही. पातेल्यातच पोळी आहे. इथे बाजूला फरसबी किंवा टर्निपचा पाला शिजवून देतात, आणि मक्याचा पाव. आमच्या घरी कांद्याची कोशिंबीर आणि लिंबाचं लोणचं.

वरून लसणाची फोडणी दिली तर?

दिली आहे. तेल, लसूण, एक सुकी मिरची. नवरा दोन ताटल्या जेवला. आजींना त्या दिवशीचा डबा मी दिला नाही.